आजीचा खोकला आणि चुलीचा धूर

पातळी ४ : वाचन आणि संवाद

वाचण्याआधी एक काम. या धड्यात ‘दम’ हा छोटा शब्द बऱ्याच वेळा येईल. दिसला की त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा. शेवटी लागणार आहे.

शनिवारी-रविवारी तुमच्या घरून गावाकडे व्हिडिओ कॉल होतो ना? आजी विचारते, “जेवलास का रे?” किंवा “जेवलीस का गं?” तुम्ही “हो” म्हणता. मग पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. तेवढ्यात आजी खोकते. तोंडावर पदर धरते, घोटभर पाणी पिते आणि म्हणते, “काही नाही, वयाचा खोकला आहे.” आणि फोन बाबांकडे जातो.

आज आपण त्या खोकल्याबद्दल वाचणार आहोत. मी डॉक्टर नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण हा विषय माझ्या घरातला आहे.

माझी आजी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहायची. पहाटे पाचला तिची चूल पेटायची. पावसाळ्यात सरपण ओलं असायचं. ओलं लाकूड नीट पेटत नाही, नुसतं धुमसतं. मग ती फुंकणी घेऊन चुलीसमोर वाकायची आणि फुंकत राहायची. धूर कौलांच्या फटींतून वाट मिळेल तसा बाहेर जायचा, उरलेला आत फिरायचा. भिंत काळी, भांड्यांची बुडं काळी. आम्ही नातवंडं डोळे चोळत अंगणात पळायचो. ती तिथंच बसलेली असायची, कारण भाकरी करपली असती.

साठी उलटल्यावर तिला विहिरीपर्यंत जाताना दम लागायला लागला. तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “आजी, विडी ओढता का? तंबाखू?” आजी लाजून हसली. तिनं आयुष्यात विडी ओढली नव्हती. “मग वयामुळं थोडा दमा आहे,” असं म्हणून त्यांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं. चुलीबद्दल त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. असं काही सांगायचं असतं, हे आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हतं.

इथं मराठी भाषेची एक अडचण आहे. आपल्याकडे श्वासाचा कुठलाही त्रास असला की त्याला ‘दमा’ म्हणतात. पण दमा हा एक वेगळा आजार आहे. दम्यात श्वासनलिका आकसतात आणि औषधानं बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. दमा लहान मुलांनाही होतो. तुमच्या वर्गातही कुणाच्या दप्तरात इनहेलर असेल. दुसरा आजार म्हणजे सीओपीडी. हा हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतो. श्वासनलिका जाड आणि अरुंद होतात, आणि फुप्फुसांतले वायुकोश, म्हणजे जिथं हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो ते अगदी छोटे फुगे, फाटत जातात. फाटलेले वायुकोश पुन्हा नीट होत नाहीत. या आजाराला मराठीत ‘दीर्घकालीन अडथळाजन्य फुप्फुस विकार’ असं लांबलचक नाव आहे. ते मी आजवर एकाही आजीच्या तोंडून ऐकलेलं नाही. ज्या आजाराला घरात बोलायला सोपं नाव नाही, तो घरात ओळखूही येत नाही, असं मला वाटतं.

डॉक्टरही त्याला बरीच वर्षं ‘सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार’ म्हणूनच ओळखत होते. ते चूक नव्हतं. सिगारेट हे मोठं कारण आहेच. पण संशोधन मुख्यतः युरोप-अमेरिकेत होत होतं, आणि तिथल्या स्वयंपाकघरात चूल नव्हती.

२००९ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक लेख आला. लिहिणारे दोघं होते : पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे प्रा. पीटर बार्न्स. त्यांनी जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले. सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नव्हतं, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यांनी आणखी दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले. जगात तंबाखू ओढणारे लोक साधारण १०० कोटी. लाकूड, गोवऱ्या, पालापाचोळा यांचा धूर घरात सोसणारे लोक साधारण ३०० कोटी.

दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट आहे! डॉक्टरांनी “विडी ओढता का?” एवढंच विचारलं, तर किती जणी सुटून जातील, बघा. ‘जणी’ म्हणालो, कारण चुलीपुढे बहुतेक करून बायकाच असतात. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे.

मग आजार आहे की नाही हे कळतं कसं? त्यासाठी स्पायरोमेट्री नावाची फुंकण्याची तपासणी असते. सुई नाही, रक्त नाही. (फुंकणीनं आयुष्यभर चूल फुंकलेल्या बाईला शेवटी पुन्हा फुंकायलाच सांगतात, हे मला नेहमी विचित्र वाटतं.) खोल श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सगळा जोर लावून, दम संपेपर्यंत हवा सोडायची. यंत्र दोन गोष्टी मोजतं : एकूण किती हवा बाहेर आली, आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनसुद्धा पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा येत असेल, तर नळ्यांमध्ये कायमचा अडथळा आहे असं डॉक्टर समजतात. हे यंत्र नवं नाही. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरांनी १८४६ मध्येच आपलं स्पायरोमीटर जगापुढं मांडलं होतं. तरी छोट्या गावांतल्या कितीतरी दवाखान्यांत ते आजही दिसत नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र मात्र सगळीकडे असतं.

आता तुम्ही म्हणाल, “आमच्याकडे अमिरातीत कुठं चूल आहे?” खरंय. इथं धूर वेगळ्या वाटेनं येतो. शिशा आहे, वाळूची वादळं आहेत, आणि बखूर आहे. अरबी मित्राच्या घरी गेलात की पेटलेल्या कोळशावर ठेवलेल्या बखूरचा सुंदर वास येतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी अमिरातीत वापरल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या धूपांचा धूर प्रयोगशाळेत माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर सोडून पाहिला. २०१३ मध्ये त्यांनी लिहिलं की पेशींना त्याचा त्रास झाला, दाह झाला. पेशींवरचा प्रयोग म्हणजे माणसावरचा प्रयोग नव्हे, हे लक्षात ठेवा. म्हणून मित्राच्या घरी नाक मुरडू नका! आपल्या देवघरातली अगरबत्तीही धूरच सोडते. लावली तर खिडकी उघडा.

इथल्या लोकांमध्ये सीओपीडी किती आहे, हेही मोजलं गेलंय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमिरातीसह अकरा देशांतल्या चाळिशीपुढच्या लोकांना फोनवर प्रश्न विचारले होते. अमिरातीचा आकडा आला दोन टक्क्यांच्या आसपास. त्याच सुमारास अबुधाबीत लोकांना फुंकायला लावून तपासलं, तर आकडा आला पावणेचार टक्क्यांच्या जवळ. दोन्ही वेळचे लोक वेगळे होते, त्यामुळं थेट तुलना करता येत नाही. पण फोनवर माणूस “मला काही त्रास नाही” असं सहज म्हणतो, हे तुम्ही दर आठवड्याला ऐकताच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही भारतात जाता तेव्हा तिथं पावसाळा असतो. डास असतात. लाडक्या नातवंडांना डास चावू नयेत म्हणून आजी खिडक्या लावून कॉइल पेटवते. चीन आणि मलेशियात मिळणाऱ्या कॉइल तपासून २००३ मध्ये काही संशोधकांनी सांगितलं की एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात. मच्छरदाणी मागा. आजीला वाईट वाटणार नाही.

आता उपचार. या आजारात इनहेलर देतात, त्याला गावात ‘पंप’ म्हणतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचं औषध, अशी भीती खूप घरांत आहे. मीही ती ऐकत मोठा झालो. पण हिशेब करून बघा. साल्ब्युटामॉलची एक नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. तेच औषध पंपाच्या दोन दाबांत ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे विसाव्या हिश्शाइतकं जातं, आणि तेही थेट छातीत. पंप फाटलेले वायुकोश शिवून देत नाही, पण नळ्या मोकळ्या ठेवतो. धूर मात्र थांबवावाच लागतो. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, असं अनेक घरांत चालतं.

आणि ऑक्सिजन? करोनाच्या दिवसांत परदेशातल्या पुष्कळ मुलांनी आईवडिलांसाठी ऑक्सिजनची यंत्रं पाठवली. काळजीपोटीच पाठवली. पण तो कुणाला उपयोगी पडतो, हे संशोधनानंच कळलं. ब्रिटनमध्ये ८७ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या रक्तात ऑक्सिजन फार कमी होता. ४२ जणांना रोज किमान १५ तास घरी ऑक्सिजन दिला, ४५ जणांना दिला नाही. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरांनी निवडलं नाही. चिठ्ठी काढावी तसं ते नशिबावर सोडलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही दोन गट करून असंच तपासतात, फक्त तिथं कुणाचा जीव जात नाही. पाच वर्षांत ऑक्सिजनच्या गटातले १९ जण वारले, दुसऱ्या गटातले ३०. १९८१ मध्ये हे छापून आलं आणि जगभरात उपचार बदलले. पुढं २०१६ मध्ये अमेरिकेत ७३८ रुग्णांवर तपासलं. त्यांच्या रक्तातला ऑक्सिजन थोडासाच कमी होता. त्यांना यंत्राचा फायदा दिसला नाही. म्हणून यंत्र विकत घेण्याआधी आजीची फुंकण्याची तपासणी आणि रक्तातला ऑक्सिजन, हे दोन्ही बघायला हवं.

माझ्या आजीची तपासणी झाली, पण फार उशिरा. पंपानं तिला शेवटची दोन वर्षं अंगणात बसून गप्पा मारण्याइतका दम मिळाला. तो आणखी दहा वर्षं आधी मिळू शकला असता.

शब्दार्थ
सरपण – चुलीत जाळायची लाकडं
फुंकणी – विस्तवावर फुंकर घालायची पोकळ नळी
धुमसणे – ज्वाळा न होता धूर करत जळणे
दाह – शरीराच्या आत होणारी सूज आणि जळजळ
पावणेचार – चारला पाव कमी, म्हणजे ३.७५

स्वाध्याय

१. धड्यात तुम्ही ‘दम’खाली रेघा मारल्या. आता हे वाचा : दम लागणे, दम धरणे, दम देणे, दम खाणे, दमानं घेणे. आईबाबांना विचारून प्रत्येकाचं एक वाक्य करा. यातला एक वाक्प्रचार रागावण्यासाठी वापरतात. कोणता?

२. या आठवड्याच्या कॉलवर आजीला किंवा आजोबांना खालचे प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. आजोबांशी बोलताना ‘तू’चं ‘तुम्ही’ करायला विसरू नका.
“आजी, तू किती वर्षं चुलीवर स्वयंपाक केलास?”
“घरात धूर जायला धुराडं होतं का?”
“जिना चढताना तुला मधे थांबावं लागतं का?”
“तुला कधी डॉक्टरांनी नळीत फुंकायला सांगितलं होतं का?”
शेवटच्या प्रश्नाला “नाही” आणि तिसऱ्याला “हो” असं उत्तर आलं, तर वही बाबांना किंवा आईला दाखवा.

३. वर्गात चर्चा : ब्रिटनमधल्या त्या ४५ जणांना ऑक्सिजन दिला नाही, हे तुम्हाला बरोबर वाटतं का? उत्तर देण्याआधी विचार करा, की त्या वेळी ऑक्सिजनचा उपयोग होतो हे कुणाला ठामपणे माहीत होतं का. पाच-सहा वाक्यं मराठीत बोलायची आहेत. मधे इंग्रजी शब्द आला तरी चालेल, थांबू नका.