‘नंतर’ आणि ‘म्हणून’

संत गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. नवसापोटी होणाऱ्या पशुहत्येचा त्यांनी कीर्तनांतून, श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, निषेध केला. अशा नवसामागील अनुमान तपासून पाहावे. ‘बोकडाचा नवस बोलला, नंतर मुलाचा ताप उतरला, म्हणून नवसानेच तो उतरला.’ यातील ‘नंतर’ खरे असेल. परंतु ‘म्हणून’ सिद्ध होत नाही. नवस न बोललेल्या घरांतही ताप उतरतो, आणि नवस बोलूनही काही रोगी दगावतात. एक घटना घडल्यावर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. हा भेद न जाणल्यास मुक्या बोकडाचा प्राण जातो आणि औषधोपचाराची वेळही निघून जाते.