करवंदाचं जिवंत कुंपण



वाडीच्या कुंपणासाठी काट्या आणायला आपण जंगलात जातो. एक-दोन पावसाळ्यांत त्यांना वाळवी लागते, की पुन्हा तीच फेरी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागात वाघाच्या हल्ल्याची बातमी आता नवी राहिली नाही. बऱ्याचदा ती मोहफुलं नाहीतर सरपणासाठी गेलेल्या माणसाचीच असते. म्हणून या महिन्याचा पाठ करवंदाचा.

करवंद आपल्याच रानातलं. बारा महिने हिरवं, काटेरी, उन्हाळ्याच्या तोंडी पांढरी सुवासिक फुलं, मे-जूनमध्ये फळ. एकदा मुळं धरली की पाणी मागत नाही, मुरमाड जमीनही चालते. साचलेलं पाणी मात्र चालत नाही, म्हणून धानाच्या बांधीलगत खोलगट जागी लावू नका.

आता बियांचं नीट ऐका, कारण इथे मीच चुकले होते. पहिल्या वर्षी बी वाळवून डबीत ठेवलं आणि हिवाळ्यात शंभर पिशव्या भरल्या. एकही उगवलं नाही! करवंदाचं बी शिळं चालत नाही, हे मला गटातल्या एका आजीने सांगितलं, तेही हसून हसून. पिकलेलं काळं फळ चोळून गर धुवा, बी एक दिवस सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. माती, रेती, शेणखत सारखं घ्या. रोप हळू वाढतं, ते पुढच्या पावसाळ्यातच लावायचं.

हिशोब असा: ६० बाय ४० फुटांची वाडी म्हणजे २०० फूट कुंपण. अडीच फुटांवर एक रोप, म्हणजे ८० रोपं. मर धरून १०० पिशव्या करा.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी द्या. गुडघाभर झाल्यावर शेंडा खुडा, म्हणजे बुडापासून फुटवे येतात. कोवळं रोप शेळी खाते, म्हणून दोन-तीन वर्षं जुन्या काट्या काढू नका. नंतर गाईगुरं, शेळ्या आत येत नाहीत. रानडुकराची हमी मी देणार नाही. छाटणी फळं निघाल्यावरच, नाहीतर लोणच्याची कच्ची करवंदं गेली.

जूनच्या बैठकीला प्रत्येकीने ओंजळभर पिकलेली करवंदं आणावी. पिशव्या तिथेच भरू. खाऊन उरली तर!