उच्चार, बोली आणि प्रतिष्ठा : इंग्रजीच्या वर्गातील एक दुर्लक्षित पाठ

निवासी शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक अनुभव शिक्षकांना वारंवार येतो. लेखी परीक्षेत इंग्रजीत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी शहरातील वर्गात गेल्यावर तोंड उघडत नाही. शंका असूनही विचारीत नाही, चर्चेत भाग घेत नाही आणि मुलाखतीत माहीत असलेले उत्तरही अर्ध्यावर सोडतो. कारण विचारल्यास 'माझे उच्चार चांगले नाहीत,' एवढेच सांगतो. व्याकरण येत नाही किंवा शब्द सुचत नाहीत, अशी त्याची तक्रार नसते. आपण बोललो तर लोक हसतील, ही त्याची धास्ती असते.

या मौनाने विद्यार्थ्याचे जे नुकसान होते, ते गुणपत्रिकेत दिसत नाही. इंग्रजी शिकविताना आपण शब्दार्थ, व्याकरण, निबंध आणि पत्रलेखन शिकवितो. परंतु भाषेला समाजात प्रतिष्ठा कशी मिळते आणि ती कोण ठरवितो, हे शिकवीत नाही. तो पाठ शाळेतच व्हावयास हवा. त्याची मांडणी कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. तीन गोष्टी वेगळ्या ओळखणे

प्रथम तीन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. एकाच भाषेतील शब्द उच्चारण्याची जी ढब प्रदेशाप्रमाणे वा सामाजिक थराप्रमाणे बदलते, ती उच्चारढब; आपण व्यवहारात तिला 'हेल' म्हणतो. केवळ उच्चारच नव्हे, तर शब्दसंग्रह आणि व्याकरणही जिथे वेगळे होते, ती बोली. राज्यकारभार, शिक्षण आणि मुद्रण यांसाठी स्वीकारलेले भाषेचे रूप म्हणजे प्रमाण भाषा.

उच्चारढब आणि प्रमाण भाषा या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे अत्यंत आवश्यक आहे. स्कॉटलंडमधील प्राध्यापक स्कॉटिश ढबीत निर्दोष प्रमाण इंग्रजी बोलतो. आयर्लंडचा, जमैकाचा, नायजेरियाचा आणि भारताचा वक्ताही आपापल्या ढबीत तसेच करू शकतो. हेल नसलेला मनुष्य जगात नाही. ज्याचा हेल सत्तेच्या जवळ असतो, त्याचा हेल कोणाला ऐकू येत नाही, इतकेच.

२. एका 'र'ची कथा

एखाद्या उच्चाराची प्रतिष्ठा त्या ध्वनीच्या अंगी असते काय, याचे उत्तर 'र' या एका ध्वनीवरून मिळते. इंग्रजीत 'कार', 'फोर्थ', 'फ्लोअर' या शब्दांच्या लेखनात 'र' आहे. इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित मानल्या गेलेल्या उच्चारपद्धतीत स्वरानंतरचा हा 'र' उच्चारला जात नाही. तो स्पष्टपणे उच्चारणारा इंग्लंडच्या पश्चिम भागातील शेतकरी तेथे 'गावंढळ' ठरतो.

आता अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला जाऊ. १९६२ साली विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने तेथील तीन मोठ्या दुकानांत एक साधा प्रयोग केला. सॅक्स हे उंची दुकान, मेसीज मध्यम दर्जाचे आणि क्लाइन स्वस्ताईचे. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूंची चौकशी करून तो विक्रेत्यांकडून 'फोर्थ फ्लोअर' हे दोन शब्द वदवून घेई, आणि ऐकू न आल्याचे दाखवून ते पुन्हा म्हणावयास लावी. 'र' पूर्णपणे वा अंशतः उच्चारणाऱ्या विक्रेत्यांचे प्रमाण सॅक्समध्ये सुमारे ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि क्लाइनमध्ये २० टक्के आढळले. दुकान जितके उंची, तितका 'र' अधिक. शिवाय दुसऱ्यांदा जपून बोलताना मेसीजमधील विक्रेत्यांच्या बोलण्यात 'र'चे प्रमाण लक्षणीय वाढले.

तात्पर्य असे की, जो ध्वनी इंग्लंडमध्ये ग्रामीण ठरतो, तोच न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठेचा ठरतो. ध्वनी एकच, बदलला तो बोलणाऱ्याचा दर्जा. मराठी भाषक हा 'र' सर्वत्र स्वच्छ उच्चारतात. त्यात लाजण्यासारखे काही असेल, तर ते स्कॉटिश, आयरिश आणि बहुसंख्य अमेरिकन लोकांनाही लागू करावे लागेल.

३. प्रमाण इंग्रजी आकाशातून पडली नाही

प्रमाण इंग्रजी हीदेखील मुळात एक बोलीच होती. लंडन व त्याच्या परिसरात राजसत्ता, व्यापार आणि मुद्रण एकवटल्यामुळे तेथील भाषेला पुढारीपण मिळाले. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. १४९० मध्ये छापलेल्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने एक किस्सा सांगितला आहे. काही व्यापाऱ्यांनी केंट परगण्यातील एका बाईकडे अंडी मागितली. त्यांनी वापरलेला शब्द तिला ठाऊक नव्हता. तिने 'मला फ्रेंच येत नाही,' असे उत्तर दिले. तिच्या बोलीत अंड्याला दुसराच शब्द होता. कोणता शब्द छापावा, असा प्रश्न कॅक्स्टनला पडला. त्या बाईचा शब्द पुढे लोप पावला आणि व्यापाऱ्यांचा शब्द पाठ्यपुस्तकांत आला. बाईचे म्हणणे चूक होते म्हणून हे घडले नाही.

दुहेरी नकाराचेही तसेच आहे. एका वाक्यात दोन नकारार्थी शब्द योजणे आज अशिक्षितपणाचे लक्षण मानले जाते; परंतु चौदाव्या शतकातील श्रेष्ठ कवी चॉसर याच्या लेखनात अशी रचना सहज आढळते.

४. श्रोत्याच्या मनातील तराजू

१९६० साली वॉलेस लँबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील माँट्रियल येथे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या व्यक्तींकडून एकच उतारा इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये वाचून घेण्यात आला. आवाज त्याच व्यक्तीचा आहे, हे श्रोत्यांना सांगितले नव्हते. प्रत्येक 'वक्ता' किती बुद्धिमान, किती विश्वासार्ह वाटतो, हे त्यांनी नोंदवावयाचे होते. इंग्रजी भाषक श्रोत्यांनी अनेक गुणांच्या बाबतीत इंग्रजी आवाजाला झुकते माप दिले. विशेष म्हणजे फ्रेंच भाषक श्रोत्यांनीही आपल्याच भाषेतील आवाजाला कमी लेखले, आणि तेही अधिक तीव्रतेने. ज्यांची अवहेलना होते, त्यांनाही ती अवहेलना कालांतराने खरी वाटू लागते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इंग्लंडमधील एक उदाहरणही बोधप्रद आहे. बीबीसीने १९२६ मध्ये उच्चारांविषयी सल्ला देण्यासाठी एक समिती नेमली होती आणि निवेदकांकडून एका ठरावीक, उच्चभ्रू ढबीची अपेक्षा असे. महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचण्यास बसविण्यात आले, तेव्हा अनेक श्रोत्यांना ते रुचले नाही. बातम्या त्याच, भाषा प्रमाण. केवळ हेल उत्तरेकडील कामकरी माणसाचा होता. त्याच समितीचे पुढे अध्यक्ष झालेले जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी 'पिग्मॅलियन' या नाटकात, बोलणे बदलताच फुलविक्या मुलीकडे पाहण्याची समाजाची दृष्टी कशी बदलते, हे दाखविले होते. पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी'त हाच विषय मराठीत रुजविला आणि तो परका वाटला नाही, कारण 'न' आणि 'ण' यांवरून माणसाची परीक्षा करण्याची रीत आपल्याकडेही होतीच.

५. शाळेचे कर्तव्य

१९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातील अॅन आर्बर येथे न्यायालयाने दिलेला एक निकाल प्रत्येक शिक्षकाने जाणून घ्यावा असा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाने चालणाऱ्या प्राथमिक शाळेतील काही गरीब कृष्णवर्णीय मुलांच्या मातांनी दावा दाखल केला होता. आपल्या मुलांना वाचन येत नाही, त्यांना मंदगती ठरविले जाते आणि शाळा त्यांच्या घरच्या बोलीचा विचारच करीत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्या बोलीला स्वतःचे नियम आहेत, हे भाषाशास्त्रज्ञांनी न्यायालयात सांगितले. उदाहरणार्थ, त्या बोलीतील 'ही बी वर्किंग' म्हणजे 'तो नेहमी कामावर असतो', तर 'ही वर्किंग' म्हणजे 'तो आत्ता काम करीत आहे'. हा भेद प्रमाण इंग्रजीत क्रियापदाच्या रूपाने इतक्या सुटसुटीतपणे दाखविता येत नाही. शिक्षकांनी मुलांची बोली ओळखावी आणि त्या ज्ञानाचा उपयोग प्रमाण इंग्रजीचे वाचन शिकविण्यासाठी करावा, यासाठी योजना आखण्याचा आदेश न्यायाधीशांनी दिला. न्यायालयाने प्रमाण भाषा शिकविणे थांबविले नाही. ती शिकविण्याची जबाबदारी अधिक गंभीरपणे घेण्यास सांगितले.

शाळेच्या उंबरठ्यावर मुलाने घरची भाषा टाकून यावे, अशी अपेक्षा नसावी, हेच सूत्र इंग्लंडमधील १९७५ च्या बुलक समितीच्या अहवालातही आढळते.

पाली वाङ्मयातही या प्रश्नाचा विचार झालेला आहे. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत पाती, पत्त, सराव अशी निरनिराळी नावे असल्याचा उल्लेख येतो. आपल्याच जनपदाचा शब्द खरा आणि इतरांचे खोटे, असा हट्ट धरू नये. तसेच सर्वमान्य व्यवहारही मोडू नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. कलह टाळण्याचा मार्ग म्हणून हे सांगितले आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. भाषाशिक्षकाला याहून समतोल भूमिका क्वचितच सापडेल.

६. वर्गात करावयाचे कार्य

याचा अर्थ चुका सुधारू नयेत, असा मुळीच नाही. प्रमाण इंग्रजी हा आपल्या विद्यार्थ्यांचा हक्क आहे. ती न शिकविणे म्हणजे उच्च शिक्षणाचे, न्यायालयाचे आणि ज्ञानाचे दार त्यांच्यासाठी बंद करणे होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' मराठीत काढला आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' इंग्रजीत लिहिला. ज्या श्रोत्यापर्यंत पोहोचावयाचे, त्याची भाषा त्यांनी समर्थपणे वापरली. तेव्हा काय सुधारावे आणि काय सोडून द्यावे, याचा विवेक हवा.

उच्चारांत प्रथम लक्ष द्यावे ते अर्थभेद करणाऱ्या बाबींकडे. 'शिप' आणि 'शीप', 'पेन' आणि 'पॅन', 'कॉट' आणि 'कोट' यांतील स्वरांचा फरक स्पष्ट हवा. शब्दातील आघात त्याहून महत्त्वाचा. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अवयवावर, 'फोटॉग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर पडतो. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नसल्यामुळे आपले विद्यार्थी इकडे दुर्लक्ष करतात आणि परक्या श्रोत्याला शब्दच ओळखता येत नाही. शब्दारंभीचा 'प' इंग्रज किंचित महाप्राण करून उच्चारतो. आपला अल्पप्राण 'पिन' त्याला कधी 'बिन' असा ऐकू येतो. हे सारे शिकवावे, परंतु समोरच्याला समजावे म्हणून शिकवावे. आपले मूर्धन्य 'ट' आणि 'ड' अर्थाला बाधा आणीत नाहीत. त्यांसाठी मुलाला उभे करून दहा वेळा म्हणावयास लावण्याचे कारण नाही.

पुढील चार उपक्रम आठवी ते दहावीच्या वर्गांत सहज घेता येतील.

पहिला उपक्रम : वसतिगृहात अनेक तालुक्यांतील मुले एकत्र राहतात, ही आपली मोठी शैक्षणिक संपत्ती आहे. 'मुलगा' या अर्थी वऱ्हाडीत पोट्टा, मालवणीत झील, अहिराणीत आंडोर, अशा शब्दांचा तक्ता मुलांकडून करवून घ्यावा. यांपैकी 'शुद्ध' कोणता आणि कशावरून, यावर चर्चा घ्यावी. मगच इंग्रजीतील भेदांकडे वळावे.

दुसरा उपक्रम : स्कॉटिश, अमेरिकन, नायजेरियन आणि भारतीय वक्त्यांची ध्वनिमुद्रणे, नावे न सांगता, ऐकवावीत. कोण शिकलेला, कोण श्रीमंत, कोण प्रामाणिक वाटतो, हे मुलांनी लिहावे. नंतर प्रत्येक मताला पुरावा मागावा. पुरावा नाही, हे मुलांच्याच लक्षात येते.

तिसरा उपक्रम : एकच मजकूर मित्राला बोलण्याच्या भाषेत आणि बँकेच्या व्यवस्थापकाला प्रमाण इंग्रजीत लिहावयास द्यावा. यामुळे मूल 'चुकीची भाषा सोडणे' याऐवजी 'प्रसंगानुसार भाषा निवडणे' शिकते.

चौथा उपक्रम : तोंडी परीक्षेत आशय, व्याकरण आणि सुबोधता यांना स्वतंत्र गुण द्यावेत. परक्या ढबीची नक्कल करण्याला गुण ठेवू नयेत.

विद्यार्थ्यांना एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. बाहेरच्या जगात हेलावरून माणसाला जोखणारे लोक भेटतील. मुलाखत घेणारेही त्यांत असतील. शाळेत हा पाठ झाला, तर तसा प्रसंग येईल तेव्हा विद्यार्थी तो आपल्या बुद्धीचा दोष मानणार नाही. पुढे एखाद्या नोकरीसाठी ढब बदलावीशी वाटली, तर ती तो कौशल्य म्हणून बदलील. लाज म्हणून नव्हे.

७. पालक आणि माजी विद्यार्थी

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. ज्या पालकांना स्वतः इंग्रजी शिकता आली नाही, त्यांनी मुलाला रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावयास सांगावे आणि वाचलेल्याचा अर्थ मराठीत विचारावा. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नाही, याने काही बिघडत नाही; मुलाचा आवाज मोकळा होतो. घरात किंवा समारंभात मुलाच्या उच्चारावर कोणी हसले, तर तेथेच शांतपणे थांबवावे.

माजी विद्यार्थ्यांकडे याहून मोठे सामर्थ्य आहे. आपल्यापैकी अनेक जण कार्यालयांत, रुग्णालयांत, न्यायालयांत आणि परदेशांतही आपल्या मूळच्या हेलात इंग्रजी बोलून जबाबदारीची कामे करीत आहेत. त्यांनी वर्षातून एकदा वर्गात येऊन अर्धा तास इंग्रजीत बोलावे, मुलांचे प्रश्न घ्यावेत आणि अडखळणाऱ्या मुलाचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे. आपल्यासारखेच बोलणारा मनुष्य इंग्रजीत ऐकला जातो, हे एकदा पाहिलेले मूल पुढच्या वर्गात हात वर करते.