साप्ताहिकाची पारख

आठवड्याच्या बाजारात मडके घेणारी गृहिणी ते प्रथम बोटाने वाजवून पाहते. नाद खणखणीत आला, तरच ती पैसे मोजते. बियाणे घेणारा शेतकरी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवतो आणि त्यांतील किती रुजतात हे पाहून मगच पेरणीचा विचार करतो. परंतु ज्या कागदावरून माणूस जगाविषयी आपले मत बनवतो, तो कागद मात्र तो पुष्कळदा न पारखताच हाती घेतो. मडके फुटके निघाले, तर पाणी वाया जाते. वृत्तपत्र खोटे निघाले, तर वाचकाचे मतच भलत्या वाटेला लागते.

समजा, एखाद्या खेडेगावातील शाळेने वाचनालयासाठी थोडे पैसे साठवले आहेत. ते एकाच साप्ताहिकाची वर्षाची वर्गणी भरण्यापुरते आहेत. मेजावर निरनिराळ्या साप्ताहिकांचे अंक मांडून ठेवले आहेत. एकाचे मुखपृष्ठ रंगीबेरंगी आहे, दुसऱ्याचे मथळे हातभर मोठे आहेत, तिसरे दिसायला अगदी साधे आहे. वर्षभर शाळेतील मुले आणि संध्याकाळी वाचायला येणारे गावकरी जगाकडे या एकाच खिडकीतून पाहणार आहेत. मग निवड कशी करावी?

त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. आज मोबाईलवर बातमी क्षणात येते, दैनिक दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पडते. मग आठवड्याने येणाऱ्या साप्ताहिकाची गरज काय? नदीला पूर आला, ही बातमी तत्काळ कळते. परंतु धरणातून पाणी केव्हा सोडले गेले, नदीच्या पात्रात बांधकामे कोणी होऊ दिली, नुकसानभरपाई खरोखर कोणाच्या हाती पडली, या प्रश्नांची उत्तरे एका दिवसात मिळत नाहीत. त्यांसाठी बातमीदाराला गावोगाव हिंडावे लागते, कागदपत्रे तपासावी लागतात, परस्परविरोधी बोलणाऱ्या माणसांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. काय घडले, हे दैनिक सांगते. ते का घडले आणि त्यातून पुढे काय निघाले, हे चांगल्या साप्ताहिकाने सांगावयाचे असते. वेळ हे साप्ताहिकाचे भांडवल होय. ज्या साप्ताहिकात आठवडाभराच्या शिळ्या बातम्या तेवढ्या एकत्र बांधलेल्या असतात, त्याने हे भांडवल फुकट घालवले असे समजावे.

महाराष्ट्रात साप्ताहिकांची परंपरा फार जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे पत्र सुरू केले. प्रारंभी ते पंधरा दिवसांनी निघे. त्याच वर्षाच्या मे महिन्यापासून ते दर आठवड्याला निघू लागले. त्यात मराठी व इंग्रजी असा दोन्ही भाषांतील मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. पुढे १८४१ मध्ये भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने लिहिलेली ‘शतपत्रे’ १८४८ पासून याच ‘प्रभाकर’मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याच समाजाचे दोष ती रोखठोक दाखवून देत. वाचकाला गोड वाटेल तेवढेच छापावयाचे, असे संपादकाने ठरवले असते, तर ती पत्रे त्या साप्ताहिकात आली नसती. साप्ताहिकाची पहिली परीक्षा येथेच होते. जे साप्ताहिक वाचकाला नेहमी शाबासकीच देते, ते त्याला शहाणे करीत नाही.

आता मेजावरील अंकांकडे वळू या. साप्ताहिक पारखावयाचे असेल, तर एकच अंक पाहून भागत नाही. विशेषांक तर मुळीच पाहू नये. सणाच्या दिवशी प्रत्येक घर सजलेलेच असते. लागोपाठचे चार साधे अंक घ्यावेत आणि पहिल्या पानाआधी छापखान्याचा मजकूर पाहावा. संपादक, मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि छपाईचे ठिकाण तेथे बारीक अक्षरांत दिलेले असते. १८६७ च्या कायद्यापासून भारतात मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापण्याचे बंधन आले. मालकी कोणाची आहे, हे वर्षातून एकदा जाहीर करण्याचा नियम १९५६ मध्ये झाला. ज्याला आपले नाव सांगण्याचा संकोच वाटतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची घाई करू नये.

यानंतर बातमी वाचावी आणि प्रत्येक महत्त्वाच्या विधानाशी थांबून विचारावे, ‘हे यांना कसे कळले?’ लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिले काय? कोणाचे नाव घेऊन सांगितले काय? एखाद्या सरकारी अहवालाचा आधार दिला काय? की ‘असे समजते’, ‘असे बोलले जाते’ या शब्दांवरच सारी इमारत उभी आहे? हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे मराठी वृत्तपत्रसृष्टीतील एका प्रसिद्ध प्रसंगावरून दिसून येते.

‘केसरी’ हे साप्ताहिक ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी, पुण्यात सुरू झाले. गोपाळ गणेश आगरकर हे त्याचे पहिले संपादक. बाळ गंगाधर टिळक त्याच्या जोडीचे ‘मराठा’ हे इंग्रजी साप्ताहिक पाहत. त्या वेळी कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याच्या वार्ता येत होत्या आणि त्यामुळे लोक अस्वस्थ झाले होते. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी काही पत्रे या तरुण संपादकांच्या हाती आली. महाराजांविषयीच्या कळवळ्याने त्यांनी त्या पत्रांवर विसंबून लिहिले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि चौकशीत ती पत्रे बनावट ठरली. दोघांनीही माफी मागितली. तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये प्रत्येकाला चार महिन्यांची कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढल्यावर ऑक्टोबरमध्ये त्यांची सुटका झाली. आगरकरांनी पुढे या दिवसांवर एक पुस्तकही लिहिले.

हेतू शुद्ध होता, धैर्य मोठे होते, दोघेही विद्वान होते. तरीही हातातील कागद पुरेसा पारखला गेला नव्हता. चांगला हेतू हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे या प्रसंगातून शिकावयाचे आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चूक उघड झाल्यावर त्यांनी ती कबूल केली आणि पुढे आपले काम चालू ठेवले. म्हणून चारही अंकांत ‘दुरुस्ती’ किंवा ‘खुलासा’ या मथळ्याखाली काही छापले आहे काय, हे शोधावे. मागील अंकात अमुक आकडा चुकला होता, असे ठळकपणे सांगणारे साप्ताहिक विश्वासास अधिक पात्र असते. ज्याची चूक कधी होतच नाही, असा संपादक जगात नाही. चूक लपवणारे मात्र असतात.

पुढील कसोटी विरुद्ध मताची आहे. समाजसुधारणेच्या प्रश्नावर मतभेद झाल्यामुळे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्यामुळे त्या काळच्या वाचकाला दोन्ही बाजू त्या त्या बाजूच्या समर्थ लेखणीतून वाचावयास मिळत. ज्या वाचनालयाला एकाच साप्ताहिकाची वर्गणी झेपते, त्याला ही सोय नसते. अशा वेळी त्या एका साप्ताहिकातच विरुद्ध मताला जागा आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. वाचकांच्या पत्रांचे सदर उघडावे. त्यात केवळ स्तुती छापली आहे, की संपादकाला खडसावणारी पत्रेही आहेत? साप्ताहिकाला स्वतःचे मत असण्यात गैर काहीच नाही. मात्र मत अग्रलेखात असावे, बातमीत मिसळू नये. आणि विरोधकाचे म्हणणे असे मांडावे की, ते वाचून विरोधकानेही ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे.

त्यानंतर अंकात कोण दिसते आणि कोण दिसत नाही, याची नोंद करावी. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र सुरू केले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवले. शेतकऱ्यांची व गिरणीकामगारांची दुःखे त्यातून लोकांसमोर येऊ लागली. ती दुःखे त्याआधीही होतीच. परंतु छापील कागदावर त्यांना पुरेशी जागा नव्हती. आजही एखाद्या साप्ताहिकात सारी पाने राजधानीतील पुढाऱ्यांनी व नटनट्यांनीच भरलेली असतील आणि शेत, पाणी, शाळा, दवाखाना यांचा त्यात मागमूस नसेल, तर त्याने देशाचा मोठा भाग पाहिलाच नाही, असे म्हणावे लागेल.

शेवटी जाहिराती आणि किंमत यांचा विचार करावा. जाहिरात असणे हा दोष नव्हे. जाहिरात बातमीचा वेश घालून आली, तर तो दोष होय. कागद, छपाई, टपाल, बातमीदाराचा प्रवास या सर्वांना खर्च येतो आणि तो कोणीतरी सोसतोच. वाचकाने तो सोसला नाही, तर जाहिरातदार सोसतो; जाहिरातदाराने सोसला नाही, तर एखादा धनिक किंवा सत्ताधारी पुढे होतो. जो खर्च सोसतो, त्याचे मन मोडणे संपादकाला जड जाते. म्हणून फुकट मिळणारा अंक पुष्कळदा फार महाग पडतो. वर्गणीदारांच्या पैशांवर उभे असलेले साप्ताहिक वर्गणीदारांना जबाबदार राहते. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक आजही निघते. संस्थापकाच्या मागे एवढी वर्षे नियतकालिक टिकते, ते वाचकांनी अंकामागून अंक हाती घेतला म्हणूनच.

शाळेच्या मेजावरील चार-चार अंक अशा रीतीने तपासले, तर कदाचित रंगीबेरंगी मुखपृष्ठाचे साप्ताहिक बाजूला पडेल आणि साधे दिसणारे हाती येईल. कदाचित उलटही होईल. निकाल मुखपृष्ठावरून लागला नाही, एवढे मात्र खरे. वर्गणी भरल्यावरही वाचकाचे काम संपत नाही. अंक नुसता फडताळात रचून न ठेवता वाचावा, दुसऱ्याला वाचावयास द्यावा आणि चूक आढळली, तर संपादकाला सभ्य शब्दांत पत्र लिहावे. वर्ष संपत आले की पुन्हा चार अंक मेजावर मांडावेत. वर्गणी एकाच वर्षाची असते, यात वाचकाचा फार मोठा अधिकार साठवलेला आहे. तो जो डोळसपणे वापरतो, त्याच्यासाठी लिहिणाऱ्यालाही डोळसपणे लिहावे लागते.

अभ्यास

१. दैनिक आणि साप्ताहिक यांच्या कामात कोणता फरक सांगितला आहे?
२. डोंगरीच्या तुरुंगाच्या प्रसंगातून कोणत्या दोन गोष्टी शिकावयास मिळतात?
३. ‘फुकट मिळणारा अंक पुष्कळदा फार महाग पडतो’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. एखाद्या साप्ताहिकाचे लागोपाठचे चार अंक मिळवून पाठातील कसोट्या त्यांना लावा आणि आपले मत दहा ओळींत कारणांसह लिहा.