दिवा निवडताना

तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावला की घरातील माणसे क्षणभर हात जोडतात. दिवा लावणे ही आपल्याकडे नुसती सोय नव्हे, तो एक संस्कार आहे. परंतु विजेचा दिवा विकत आणताना आपण दोनच प्रश्न विचारतो : ‘किती वॅटचा?’ आणि ‘केवढ्याला?’ वास्तविक आणखी एक प्रश्न विचारावयास हवा, तो म्हणजे ‘कोणत्या रंगाचा?’ हा प्रश्न मला कसा पडला आणि उत्तर शोधताना काय हाती लागले, ते येथे थोडक्यात मांडते.

आम्ही मुळशीकर. विजेशी आमचे नाते जुने आणि थोडे कडू आहे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झालेच. गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहातून मुंबईकडे वीज जाऊ लागली. आमच्या घरात मात्र आजी लग्न होऊन आल्यावरही कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत होती, असे ती सांगते. तेव्हा आमच्याकडे उजेडाला मोल आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझा प्रवेश झाला त्या आठवड्यात अण्णांनी पौडहून लख्ख पांढरा एलईडी दिवा आणला आणि माजघरात लावला. “पोरगी शिकतीय, उजेड पाहिजे,” एवढेच म्हणाले. त्या दिव्याखाली मी रात्री बारापर्यंत वाचत बसे. त्याच खोलीत आजी आणि अण्णा झोपत. अण्णांना पहिल्या पाळीसाठी पहाटेच पिरंगुटला जावे लागते. एका रात्री पुस्तकातून मान वर केली, तर आजी डोळ्यांवर पदर घेऊन आणि अण्णा तोंडावरून गोधडी ओढून पडलेले दिसले. दोघेही जागेच होते. वर्षभरात एकदाही ‘दिवा बंद कर’ असे कोणी म्हटले नव्हते. मला फार अपराधी वाटले. त्यातूनच हा अभ्यास सुरू झाला.

प्रकाशाचा रंग ‘केल्विन’ या एककात सांगतात. लोहाराच्या भट्टीत लोखंड तापते तेव्हा ते आधी लाल, मग पिवळे आणि शेवटी पांढरे दिसू लागते. त्याहून अधिक तापलेल्या वस्तूचा प्रकाश निळसर असतो. या तापमानावरूनच रंगाला आकडा मिळाला. गंमत अशी की, ज्याला आपण ‘थंड’ प्रकाश म्हणतो त्याचा आकडा मोठा आणि ‘उबदार’ प्रकाशाचा लहान! दिव्याच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन असेल तर तो पिवळसर, उबदार प्रकाश. ४००० म्हणजे मधला. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, थंड प्रकाश.

पांढरा एलईडी दिवा मुळात निळाच असतो. निळ्या प्रकाशावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही मिळून पांढरा प्रकाश दिसतो. हा निळा एलईडी शोधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली आणि हे दिवे खेडोपाडी पोहोचले. जुना ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिटे जळतात. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दीड युनिटाच्या आतच भागवतो. ही बचत लहान नाही.

परंतु प्रश्न येथेच उभा राहतो. आपल्या डोळ्यांत काही पेशी अशा आहेत की त्या निळ्या प्रकाशावरून ‘अजून दिवस आहे’ असे मेंदूला कळवतात. मग झोपेची वेळ सांगणारे मेलॅटोनिन हे द्रव्य शरीरात कमी तयार होते आणि झोप लांबते. म्हणून रात्री निजावयाच्या खोलीत थंड पांढरा दिवा गैरसोयीचा. अर्थात उबदार दिवाही फार प्रखर असेल तर झोपेला बाधतोच, हे विसरू नये.

‘पांढरा दिवा म्हणजे जास्त उजेड’ हा आपला सार्वत्रिक गैरसमज आहे. उजेड किती, हे ‘ल्युमेन’च्या आकड्यावरून कळते, रंग कोणता, हे केल्विनवरून. दोन्ही गोष्टी निराळ्या. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान राहते, म्हणून म्हाताऱ्या माणसांना अधिक उजेड लागतो. त्यांना उबदार रंगाचा, पण जास्त ल्युमेनचा दिवा द्यावा.

आता खोल्यांचा विचार करू. स्वयंपाकघरात तांदळातील खडा दिसला पाहिजे आणि भाजीचा रंग खरा कळला पाहिजे. तेथे ४००० केल्विनचा दिवा बरा. तो चुलीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईच्या पाठीमागे नसावा, नाहीतर तिचीच सावली ताटात पडते. अभ्यासालाही हाच रंग योग्य. मात्र प्रकाश वहीपुरता असावा. माजघरात आणि झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० पुरे. ओट्यावर आणि गोठ्यातही उबदार दिवाच लावावा, कारण निळसर प्रकाशाकडे किडे अधिक येतात. पावसाळ्यात याचा अनुभव आपण सर्वच घेतो.

मोठ्या घरात हे सारे सोपे आहे. आमचे घर दोन खोल्यांचे. तेथे माजघर हीच झोपण्याची खोली आणि तीच माझी अभ्यासिका. म्हणून शिष्यवृत्तीच्या पैशांतून मी माजघरासाठी उबदार दिवा आणला आणि स्वतःसाठी लहानसा टेबल लॅम्प. त्याचे तोंड भिंतीकडच्या कोपऱ्यात वळवले. पांढरा दिवा स्वयंपाकघरात गेला. पहिल्या रात्री अण्णांनी विचारले, “एवढ्याशा उजेडात दिसतं का तुला?” मी म्हटले, “वहीवर दिसतं, अण्णा. तेवढंच पाहिजे.” थोड्या वेळाने आजीच्या घोरण्याचा आवाज आला. परीक्षेच्या दिवसांत एवढा आनंद मला कशानेच झाला नव्हता.

सांगावयाचे तात्पर्य, दिवा निवडताना खोलीचे नाव पाहू नये. त्या खोलीत त्या वेळी कोण बसले आहे आणि कोण निजले आहे, हे पाहावे. शिक्षण हा उजेड आहे असे आपण नेहमी म्हणतो. तो मिळवताना घरातील कोणाला गोधडीत तोंड लपवावे लागू नये, एवढी काळजी शिकणाऱ्याने घ्यावयास नको काय?