दिवा मंद होतो तेव्हा...

मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी आधीच सांगून टाकलं, की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, ऱ्हस्व-दीर्घ तुम्हीच बघून घ्या. विषय मात्र माझ्या आवडीचा आहे. सायकॉलॉजिकल थ्रिलर! आमच्या विंगमध्ये या कादंबऱ्या हातोहात फिरतात, अगदी व्हायवाच्या आदल्या रात्रीसुद्धा. पण या कादंबऱ्यांची खापरपणजी कोण, हे फारसं कुणाला माहीत नसतं. ती म्हणजे गॉथिक कादंबरी. तिची ओळख करून द्यावी आणि शेवटी आमच्या विंगमधली एक खरी गोष्ट सांगावी, म्हणून हा प्रपंच.

एक सूचना : काही जुन्या पुस्तकांची आणि पिक्चरची गुपितं मी फोडणार आहे. गेल्या दहा वर्षांतल्या पुस्तकांची नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

भूत आधी खरं होतं

इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोलने 1764 मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली. गोष्ट सुरू होते तीच लग्नाच्या दिवशी. आकाशातून एक राक्षसी आकाराचं शिरस्त्राण पडतं आणि त्याखाली नवरामुलगा चिरडून मरतो! जुना किल्ला, भुयारं, घराण्याचं पाप, पळणारी मुलगी असा सगळा मालमसाला या एका पुस्तकात आहे. दुसऱ्या आवृत्तीवर वॉलपोलने ‘गॉथिक’ हा शब्द छापला आणि पुढे या प्रकाराला तेच नाव पडलं. इथे भूत खरं आहे. ते का आलं, हे विचारायचं नाही.

तीस वर्षांनी, 1794 मध्ये, अ‍ॅन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ आली. ही बाई मला एकदम इंजिनिअर वाटते. आवाज येतात, पडदे हलतात, नायिका काळ्या पडद्यामागे काहीतरी भयंकर बघून बेशुद्ध पडते. पण शेवटी प्रत्येक गोष्टीचं कारण दिलेलं असतं. पडद्यामागे प्रेत नव्हतं, मेणाचा पुतळा होता. म्हणजे ‘भूत आहे का?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘हे कशामुळे होतंय?’ हा पुढे आला.

माळ्यावरची बाई

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. शार्लट ब्राँटेची ‘जेन आयर’, वर्ष 1847. आठवीत सिस्टरनी आम्हाला तिची संक्षिप्त आवृत्ती वाचायला लावली होती. गरीब पण मानी जेन एका मोठ्या घरात मुलीला शिकवायला येते, मालक रॉचेस्टरच्या प्रेमात पडते, वगैरे. तेव्हा मला ती लव्हस्टोरी वाटली होती. मागच्या वर्षी पूर्ण पुस्तक वाचलं आणि अंगावर काटा आला.

जेनला रात्री वरच्या मजल्यावरून हसण्याचा आवाज येतो. ती विचारते, तर सांगितलं जातं की ग्रेस पूल नावाची नोकर हसते. लग्नाच्या दोन रात्री आधी एक अनोळखी बाई जेनच्या खोलीत येते आणि तिची लग्नाची ओढणी फाडून टाकते. रॉचेस्टर काय म्हणतो? अर्धं स्वप्न, अर्धं खरं. आलेली बाई ग्रेसच असणार, बाकीचं तुझ्या थकलेल्या मनाने रचलं. फाटलेली ओढणी समोर पडलेली असताना! आणि त्याला पक्कं ठाऊक असतं की वर त्याची पहिली बायको, बर्था, कोंडलेली आहे.

आता फरक बघा. वॉलपोलकडे भूत खरं होतं. रॅडक्लिफकडे भूत नव्हतं, गैरसमज होता. ब्राँटेकडे बाईने पाहिलं ते खरं होतं, आणि ज्याला कारण माहीत होतं तोच तिला ‘तुला भास झाला’ म्हणत होता. आजचा सायकॉलॉजिकल थ्रिलर माझ्या मते इथे जन्मला.

1938 : एकाच वर्षी दोन घरं

यानंतर सरळ 1938 मध्ये उडी मारू. त्या वर्षी डॅफ्ने द्यु मॉरिएची ‘रेबेका’ प्रसिद्ध झाली. मँडर्ली नावाचा वाडा, श्रीमंत विधुर आणि त्याची नवी, बुजरी बायको. तिचं नाव लेखिका शेवटपर्यंत सांगत नाही. पहिली बायको रेबेका मेलेली आहे, पण सगळ्या घरावर हुकूम तिचाच. भूत एकदाही दिसत नाही. घर सांभाळणारी मिसेस डॅनव्हर्स मात्र नव्या बाईला गोड बोलून नेमका रेबेकाचाच पोशाख घालायला लावते आणि पुढे खिडकीशी नेऊन ‘मार उडी’ म्हणेपर्यंत तिची मजल जाते. हिचकॉकच्या 1940 च्या पिक्चरला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. आपल्याकडे याच गोष्टीवरून 1964 मध्ये वहिदा रेहमानचा ‘कोहरा’ निघाला. त्याच वर्षीच्या ‘वो कौन थी?’मध्ये तर मालमत्तेसाठी नायकालाच वेडं ठरवण्याचा डाव आहे. माझी आई अजून त्यातली गाणी गुणगुणते, आणि गोष्ट विचारली की म्हणते, ‘रात्री नको!’

याच 1938 मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक हॅमिल्टनचं ‘गॅस लाइट’ हे नाटक रंगमंचावर आलं. नवरा घरातल्या वस्तू मुद्दाम लपवतो आणि बायकोला सांगतो, तूच हरवतेस, तुझं डोकं ठिकाणावर नाही. तो रोज संध्याकाळी बाहेर जातो आणि त्यानंतर घरातले गॅसचे दिवे आपोआप मंद होतात. खरं कारण असं : तो गुपचूप वरच्या बंद मजल्यावर येऊन दागिने शोधत असतो. त्यासाठी तिथला दिवा लावतो. पाइप एकच, त्यामुळे खालचा गॅसचा दाब कमी होतो. साधं फ्लुइड मेकॅनिक्स! मग एक डिटेक्टिव्ह घरी येतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर दिव्याचा उजेड बदलतो. बाईला वेड लागलेलं नाही हे त्या एका क्षणात कळतं, कारण तिला दिसतं ते आता दुसऱ्या माणसालाही दिसलेलं असतं. 1944 च्या पिक्चरसाठी इन्ग्रिड बर्गमनला ऑस्कर मिळालं. या नावावरून ‘गॅसलाइटिंग’ हा शब्द आला आणि मेरियम-वेबस्टर डिक्शनरीने तो 2022 चा ‘वर्ड ऑफ द इयर’ ठरवला.

आजची घरं

आता नव्या पुस्तकांमध्ये तोच सांगाडा ओळखता येतो का बघा. रूथ वेअरच्या ‘द टर्न ऑफ द की’मध्ये (2019) स्कॉटलंडमधलं जुनं घर आहे, पण दिवे, कुलपं, स्पीकर सगळं अ‍ॅपवर. मुलं सांभाळायला आलेली मुलगी तुरुंगातून वकिलाला पत्रं लिहून आपली बाजू सांगते. हेन्री जेम्सच्या 1898 च्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ला हा सरळ नमस्कार आहे. तिथे भुतं खरी होती की बाईच्या मनात, यावर वाचक अजून भांडतात. रेचल हॉकिन्सच्या ‘द वाइफ अपस्टेअर्स’मध्ये (2021) जेन अमेरिकेतल्या श्रीमंत कॉलनीत लोकांचे कुत्रे फिरवते. सिल्व्हिया मोरेनो-गार्सियाच्या ‘मेक्सिकन गॉथिक’मध्ये (2020) नवपरिणीत बहिणीचं विचित्र पत्र येतं, म्हणून नायिका डोंगरातल्या वाड्यावर जाते.

आणि एक पुस्तक थ्रिलर नाही, तरी वाचाच. जीन ऱ्हीसची ‘वाइड सरगॅसो सी’ (1966). यात माळ्यावरची बर्था स्वतः बोलते. कॅरिबियन बेटांवर वाढलेल्या या मुलीचं नाव मुळात अँत्वानेत असतं. ‘बर्था’ हे नाव नवऱ्याने दिलेलं. म्हणजे जेनवर विश्वास ठेवायला आपण शिकलो, पण वर कोंडलेल्या बाईला आपण काही विचारलंच नव्हतं!

अशी पुस्तकं वाचताना मी आता चार प्रश्न विचारते. घर कुणाच्या मालकीचं? कुठली खोली बंद? गोष्ट कोण सांगतंय? आणि तिच्यावर कोण विश्वास ठेवत नाही? चौथ्याचं उत्तर मिळालं की निम्मं कोडं सुटतं.

आमची विंग

आता आमची गोष्ट. हे सगळं मी वाचलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

आमच्या शेजारच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक मुलगी एकटी राहत होती. तिने घरून जुना टेबललँप आणला होता, 60 वॅटचा पिवळा बल्ब असलेला. ती सांगायला लागली की रात्री साडेअकराच्या सुमारास दिवा मंद होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा नीट होतो. आम्ही जाऊन बघितलं तेव्हा काही झालं नाही. आमच्या ट्यूब तर कधीच मंद होत नव्हत्या. मग थट्टा सुरू झाली. ‘तुझं व्होल्टेज कमी झालंय’ हे वाक्य माझं. ‘थ्रिलर कमी वाच’ हेसुद्धा माझंच, आणि तिला ते पुस्तक दिलं होतं मीच. आठवड्याभरात तिने सांगणं बंद केलं. अंथरूण घेऊन रीडिंग रूममध्ये झोपायला लागली. एक टेस्ट बुडवली. आम्ही म्हटलं, टेन्शन घेते फार.

शेवटी तीच वायरमनकाकांकडे गेली. ते हसले नाहीत, ‘घाबरतेस का’ असंही त्यांनी विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘किती वाजता?’ मग पॅसेजमधला बॉक्स उघडला. न्यूट्रलचा जॉइंट ढिला होऊन काळा पडला होता, शेजारचं प्लॅस्टिक वितळलं होतं. काका म्हणाले, ‘रात्री या लाइनवर कोण काय लावतं?’ कुणी बोललं नाही. 1500 वॅटची केटल माझ्या खोलीत होती. रोज रात्री त्यावर आमची मॅगी व्हायची.

हिशेब सोपा आहे. केटल साधारण 6 अँपिअर घेते. ढिल्या जॉइंटचा रेझिस्टन्स 3 ओहम धरला, तर तिथे 18 व्होल्ट खाल्ले जातात आणि 100 वॅटच्या वर उष्णता तयार होते. 230 चे 212 व्होल्ट झाले की फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश जवळजवळ पाव भागाने उतरतो. आमच्या एलईडी ट्यूबला मात्र तेवढ्याने काही फरक पडत नाही. म्हणून ते फक्त तिलाच दिसत होतं. आणि तिच्या खोलीत बघायला गेलो, तेव्हा अर्थातच आमची केटल बंद होती!

वरच्या मजल्यावर दिवा लावणारा माणूस मीच होते. मुद्दाम नाही, पण तिला त्याने काय फरक पडला? अजून थोडे दिवस गेले असते तर त्या पॅसेजमध्ये काय झालं असतं, ते काकांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. केटल दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमकडे जमा केली.

इतकी पुस्तकं वाचून मी डिटेक्टिव्ह व्हायला हवं होतं. झाले रॉचेस्टर. त्यामुळे तुमच्या विंगमध्ये कुणी म्हणालं की मला आवाज येतो, माझी वस्तू हलते, मला कुणीतरी त्रास देतंय, तर आधी काकांचा प्रश्न विचारा. किती वाजता? आणि त्या वेळेला तिथे जाऊन बसा.

लेख देण्याआधी मी तिला वाचायला दिला. सॉरी म्हणायचं होतं, ते नीट जमलं नाही. तिने शांतपणे सगळा वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली.

‘साडेअकरा नाही, अकरा चाळीस. मी वहीत लिहून ठेवलं होतं.’