पिशवी घट्ट होईपर्यंत

बाळ रडलं की खोलीतल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. आईचा धोका नेमका तेव्हा सुरू होतो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त मिळत असतं. वार सुटल्यावर पिशवी आकसली नाही, तर तेच रक्त वाहून जातं. तालुक्याच्या लेबर रूममध्ये काम करताना जे पटत गेलं, ते नव्या सिस्टरांसाठी मांडते आहे.

१. नजरेवर जाऊ नका, मोजा. रक्त चादरीत, बोळ्यांत, बादलीत विखुरतं आणि डोळ्यांना कमीच भासतं. बेळगाव भागातल्या संशोधनात बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची झोळी लावून पाहिलं, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. पूर्वी ५०० मिलीला आपण सावध व्हायचो. २०२५ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३०० मिली गेलं असेल आणि नाडी किंवा बीपी बिघडलेलं असेल, तर तिथूनच उपचार सुरू करा.

२. नाडी आणि बीपी एकत्र वाचा. तरुण बाईचं शरीर बरंच रक्त जाईपर्यंत बीपी टिकवून धरतं. नाडी ११० आणि वरचं बीपी ११० हे आकडे वेगवेगळे पाहिले तर फार भयंकर वाटत नाहीत. पण नाडी वरच्या बीपीला गाठायला लागली, म्हणजे बाई शॉकच्या वाटेवर आहे.

३. हात आधी पोटावर. पिशवी सैल कणकेसारखी लागली तर घट्ट होईपर्यंत चोळा आणि कॅथेटर घालून लघवी काढा, कारण भरलेलं मूत्राशय पिशवीला आकसू देत नाही. पिशवी घट्ट असूनही रक्त जात असेल, तर मार्ग कुठे फाटलाय ते शोधा. वार पूर्ण पडली का, तिचा तुकडा राहिला का, तेही पाहा. आलेलं रक्त गोठत नसेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.

४. उपचार एकामागून एक नव्हे, एकदम. ‘आधी मसाज करून बघू, मग इंजेक्शन’ यातच वेळ जातो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांतल्या अभ्यासात रक्त मोजलं गेलं. ठरलेली रेघ ओलांडताच मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकत्र सुरू झालं. २०२३ मध्ये निष्कर्ष आला: तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. औषधं तीच होती, बदलली ती पद्धत.

५. एकीने फक्त घड्याळ सांभाळावं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, शिरेतून, १० मिनिटांत, आणि बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २० हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीने ही मर्यादा दाखवून दिली. जितका उशीर, तितका फायदा कमी. म्हणून प्रत्येक इंजेक्शनची वेळ मोठ्याने सांगायची आणि लिहायची.

६. ड्यूटीवर येताच फ्रीज उघडून पाहा. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहिलं नाही तर त्याचा जोर कमी होतो. वीज रोज जाणाऱ्या गावात हे विसरून चालत नाही. फ्रीज न लागणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या ट्रेमध्ये असू द्या. बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन नको, दमेकरी बाईला कार्बोप्रोस्ट नको. ही विचारपूस कळा सुरू असतानाच उरकून घ्या.

७. पाठवायचं तर तयारीनिशी पाठवा. १०८ ला फोन करतानाच पुढच्या रुग्णालयाला रक्तगट कळवा. दोन जाड कॅन्युला, चालू ड्रिप आणि सोबत सिस्टर हवीच. बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी रुजवलेली पद्धतही शिकून ठेवा: कॅथेटरला बांधलेला कंडोम पिशवीत सलाईनने फुगवायचा. आतून दाब पडतो आणि वाटेतला वेळ हाती लागतो.

८. घरच्यांशी आधीच बोला. ‘बाळंतपणात एवढं जायचंच’ असं म्हणणाऱ्या सासूबाईंना सांगा की पॅड भराभर भिजत असतील, सुनेला चक्कर येत असेल, तर आम्हाला हाक मारा. मध्यरात्र असली तरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. धडधाकट बाईला जेवढं रक्त जाणं झेपतं, तेवढं अशा बाईला झेपत नाही. तेव्हा लोहाच्या गोळ्या खाल्ल्या का, हिमोग्लोबिन किती आहे, गरज पडली तर रक्त कुठून येणार, हे प्रश्न सातव्या महिन्यातच विचारा.